जुनी आउटबोर्ड मोटर मिस मारते, झटके खाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजरी, इंगळी, यडूर, कल्लोळ, कुडची या बेळगाव जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या गावांत नावेच्या मोटरची आठवण बहुतेकांना जुलैत होते. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी येते, सखल पूल एकेक करून पाण्याखाली जातात, आणि माळ्यावर पडलेली मोटर खाली उतरते. चालू होते, पण धड चालत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना धड न चालणारी मोटर म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून एकच आग्रह आहे: खालचं सगळं काम एप्रिल-मे मध्ये, अंगणात, पाण्याच्या पिंपात मोटर लावून करा. प्रवाहात नाव सोडल्यावर कार्बोरेटर उघडायची वेळ कुणावर येऊ नये.

ही उत्तरं साधारण १९५० ते १९८० च्या दशकांतल्या टू-स्ट्रोक पेट्रोल मोटरींसाठी आहेत. जॉन्सन, एव्हिनरूड, मर्क्युरी, सीगल, जुनी यामाहा, कोणतीही असो, दुखणी बहुतेक सारखीच असतात.

मोटर चालू होते, पण एकसारखी चालत नाही. आधी काय बघायचं?

आधी कार्बोरेटरच्या स्क्रूवरचा हात काढा. मोटर जरा अडखळली की प्रत्येक जण तोच स्क्रू फिरवतो, आणि मूळ बिघाड वेगळाच असल्यामुळे आता दोन बिघाड होतात. क्रम असा ठेवा: ताजं पेट्रोल, मग प्लग, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग ठिणगी, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मोटर चालवून बघा. प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारी दोन छोटी तोंडं) आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलली तर मोटर सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे दुसऱ्याची चांगली टाकी आणि नळी मागून आणायची, त्यात ताजं मिश्रण भरायचं आणि मोटर चालवायची. तक्रार गेली तर मोटर उघडायचीच नाही, दोष टाकीत किंवा नळीत आहे.

पेट्रोल दिवाळीत भरलं होतं, टाकी बंदच होती. ते कसं खराब होईल?

होतं, आणि पूर्वीपेक्षा लवकर होतं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्याला ते नवं नाही, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत ते इथेही तयार होतं. आधुनिक गाडीचं मला काही म्हणायचं नाही, पण जुन्या टू-स्ट्रोक मोटरीला ते तीन प्रकारे छळतं.

पहिलं म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. मोटरची नळी पेट्रोल ओढते तीही तळातूनच. त्यात आपण घातलेलं ऑइल त्या तळच्या थरात मिसळत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे मोटरला जे जातं त्यात वंगणच नसतं. मोटर नुसती अडखळली तर नशीब, नाहीतर पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो.

दुसरं, जुन्या मोटरीतलं रबर या पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं. पंपाचा डायफ्राम ताठ होतो, नळी आतून सोलते आणि तिचे काळे कण थेट जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतात. काही जुन्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) बुचाच्या लाकडाचा असतो, वरून लाखेचा थर दिलेला. इथेनॉल तो थर विरघळवतं, बूच पेट्रोल पितं, जड होऊन खाली बसतं आणि मोटर सतत ओव्हरफ्लो होते.

तिसरं, पेट्रोल उडून गेलं की जेटमध्ये चिकट राळ उरते.

बघायची रीत सोपी आहे. टाकी न हलवता तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास सावलीत ठेवा. खाली वेगळा थर दिसला, नुसते थेंब लोळताना दिसले किंवा वास वार्निशसारखा आंबट आला, तर ते मोटरीत घालू नका. महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा. वापर संपला की नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं?

मोटरीच्या वयावर आहे. १९६४ पासूनच्या बहुतेक जॉन्सन-एव्हिनरूडना ५०:१ चालतं, म्हणजे लिटरला २० मिली. त्याआधीच्यांना २४:१, लिटरला साधारण ४२ मिली. फार जुन्या सीगलना तर १०:१, लिटरला १०० मिली लागतं. "जास्त धूर होतो" म्हणून जुन्या मोटरीचं ऑइल कमी करू नका. तिची बेअरिंगं त्या ऑइलवरच जगतात.

स्कूटरचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. नावेच्या मोटरीला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं ऑइल घ्या. टू-टी घातलं म्हणून लगेच काही होत नाही, पण प्लग आणि पोर्ट काजळीने भरायला लागतात आणि मग पुन्हा हेच मिसिंग.

दोन सिलिंडरपैकी एक मेलाय की काय, हे कसं ओळखायचं?

मोटर पिंपात मध्यम-हळू वेगावर चालू ठेवा. शक्यतो पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा. इन्सुलेशनवाल्या पक्कडीने एका प्लगची वायर काढा आणि लगेच बॉडीला टेकवा, हवेत लोंबकळत ठेवू नका, त्याने कॉइल फुटते. वायर काढल्यावर मोटरचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच मेलेला आहे. मग दोन्ही प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर नवीन प्लगवर काम भागलं.

काढलेले प्लग शेजारी शेजारी ठेवून बघा. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. ओला आणि काळा असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त. पांढराफटक आणि कोरडा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, हे लक्षण सगळ्यात धोक्याचं. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसत असेल तर हेड गॅसकेटमधून त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय का ते बघा.

कॉम्प्रेशन किती हवं?

दोन्ही प्लग काढा, वायरी बॉडीला लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून चार-पाच वेळा दोरी ओढा. जुन्या छोट्या मोटरीत ६० ते १०० पीएसआय हे काही घाबरण्यासारखं नाही. खरं बघायचं ते दोन सिलिंडरमधला फरक. तो १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. जास्त असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात किंवा काजळीत अडकल्यात. अडकलेल्या रिंगा कधी कधी कार्बन सोडवणाऱ्या द्रावणात रात्रभर भिजवून सुटतात. आकडा चढलाच नाही तर गॅसकेट, नाहीतर चरे पडलेला सिलिंडर. अशा वेळी स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नाही.

ठिणगी दिसते, तरी मिस मारते. असं का?

कारण प्लग बॉडीला टेकवून बघितलेली ठिणगी फसवी असते. उघड्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली उडेलच असं नाही. ठिणगीने साधारण ६ मिलिमीटरचं अंतर ओलांडलं पाहिजे, निळी आणि कडकडीत. पिवळसर, बारीक, मुकी ठिणगी म्हणजे मॅग्नेटोत (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागात) काम आहे. ही चाचणी करताना प्लगच्या भोकातून येणारी पेट्रोलची वाफ जवळ नको, भडका उडतो.

बहुतेक वेळा चोर पॉइंटमध्येच सापडतो. वर्षभर पडून राहिल्यावर पॉइंटच्या तोंडांवर तेलकट, करडा थर चढतो. फ्लायव्हीलच्या (मोटरच्या डोक्यावरच्या जड चाकाच्या) खिडकीतून दिसत असेल तर तोंडं आधी बारीक पॉलिश पेपरने घासा, मग लग्नपत्रिकेच्या जाड कोऱ्या कागदाची पट्टी दोन तोंडांमध्ये धरून ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटेल. नवी पट्टी घ्या, पुन्हा ओढा. रेघ उमटायची थांबली की पॉइंट स्वच्छ झाला. हे शेवटचं ओढणं लोक गाळतात आणि पॉलिश पेपरचे कण आत ठेवून मोटर बंद करतात. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडला पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. दोन्ही पॉइंटचा गॅप सारखा हवा. नाहीतर दोन सिलिंडर वेगवेगळ्या टायमिंगवर फुटतात आणि स्लोला मोटर लंगडते.

पॉइंट जळून निळे-काळे होत असतील तर कंडेन्सर गेला. कॉइलच्या प्लास्टिकला केसासारखी भेग असेल तर ती थंड असताना चालते, तापली की मिस मारते. अंधारात मोटर चालवली तर भेगेतून उडणारी ठिणगी डोळ्यांनी दिसते.

फ्लायव्हील काढायचं असेल तर पुलर वापरा. कडेवर हातोडी मारू नका, चुंबक सुटतात आणि शाफ्ट वाकतो. काढल्यावर चावी, म्हणजे फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा, नीट बघा. पंखा दगडावर आपटून मोटर अडकली असेल तर ती चावी अर्धवट कातरली जाते, टायमिंग थोडंसं सरकतं, आणि वरून सगळं ठीक दिसत असूनही मोटर कधीच नीट चालत नाही. बसवताना नट कारखान्याने सांगितलेल्या टॉर्कलाच आवळा. ढिला राहिला तर चावी पुन्हा तुटते.

स्लोला बंद पडते आणि रेस दिली की शिंकल्यासारखी करते.

शिंका म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. आता कार्बोरेटरकडे वळायला हरकत नाही. पण आधी साफसफाई, मग सेटिंग.

खालची वाटी काढा. तळात तपकिरी गाळ किंवा हिरवट-पांढरी पूड असेल तर बाहेरून फवारा मारून भागणार नाही, पूर्ण खोलावा लागेल. जेटच्या भोकात पोलादी तार किंवा ड्रिल घालू नका. भोक किंचित मोठं झालं तरी मोटर कायमची बिघडते. विजेच्या वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा पुरतो. कार्बोरेटर क्लीनर मारा, कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि प्रत्येक भोकातून ती पलीकडे येते का हे बोटाला जाणवेपर्यंत थांबा.

सेटिंग अशी: स्लो नीडल (स्लोचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू) हलक्या हाताने पूर्ण बंद करा. जोर लावलात तर टोकावर खाच पडते आणि मग ती कधीच सेट होत नाही. नंतर दीड फेरा उघडा. मोटर पाच मिनिटं तापू द्या आणि पाण्यात, गिअर टाकून, स्लोवर चालवा. न्यूट्रलला केलेलं सेटिंग गिअर टाकल्यावर पडतं. शिंकली तर एक अष्टमांश फेरा उघडा, जड चालली आणि धूर काढू लागली तर तेवढाच बंद करा. प्रत्येक बदलानंतर पंधरा-वीस सेकंद थांबा. मोटरला बदल जाणवायला तेवढा वेळ लागतो, आणि घाई करणारे बरोबर जागा ओलांडून पुढे जातात.

इतकं करूनही स्लोला टिकत नसेल, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचे तुषार मागे उडत असतील, तर रीड व्हॉल्व्हची (कार्बोरेटरमागच्या एकतर्फी झडपेची) पट्टी तुटलीय किंवा वाकलीय. आणि स्पीड आपोआप वर-खाली होत असेल तर क्रँकशाफ्टचं वरचं सील हवा ओढतंय.

दहा मिनिटं मस्त चालते, मग दम तोडते. थोडं थांबलं की पुन्हा चालू होते.

मोटर दम तोडायला लागली की लगेच नळीवरचा रबरी फुगा दाबत राहा. तेवढ्याने उठली तर पेट्रोल पोचत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय का ते बघा, निम्म्या वेळा तोच असतो. मग कनेक्टरमधलं ओ-रिंग. तिथून पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग पंपाचा डायफ्राम.

फुगा दाबून काही उपयोग झाला नाही तर ठिणगी बघा, पण तेव्हाच्या तेव्हा, तापलेली असताना. थंड झाल्यावर कॉइल निर्दोष दिसते.

माझ्या टाकीला दोन नळ्या आहेत. एक बंद केली तर चालेल का?

नाही. त्या मोटरला पेट्रोल पंपच नसतो. एका नळीतून क्रँककेसचा दाब टाकीत जातो आणि तो दाब दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर ढकलतो. झाकणाचं गॅसकेट गळत असेल तर दाब राहत नाही आणि मोटर उपाशी राहते. झाकण उघडताना हळू उघडा, आत दाब असतो. आसपास विडी-सिगारेट नको.

मोटर मालवणहून घेतली. तिथे छान चालायची, इथे आणल्यावर जड चालते.

आंबोली किंवा चोर्ला घाट चढून आलेल्या मोटरींची ही नेहमीची तक्रार आहे. समुद्राच्या पातळीवर केलेलं सेटिंग वरच्या विरळ हवेत थोडं जास्त पेट्रोल देतं. बेळगाव शहर सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, हिडकल धरणाची पूर्ण पातळी २१७५ फूट आहे. स्लो नीडल थोडी बंद केली की फरक कळतो. ताकद थोडी कमी राहणारच, त्याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट मीठ. खाऱ्या पाण्यात चाललेल्या मोटरीच्या पाण्याच्या वाटा मिठाने आणि पांढऱ्या पापुद्र्याने आवळलेल्या असतात. थर्मोस्टॅटचं झाकण उघडून बघितल्याशिवाय ती मोटर लांब पल्ल्याला नेऊ नका.

आणि विकणाऱ्याला एक विचारा: ही रॉकेलवर चालायची का? रॉकेलच्या मोटरी मुद्दाम कमी कॉम्प्रेशनच्या बनवलेल्या असतात. उलट, पेट्रोलच्या मोटरीत रॉकेल मिसळून पैसे वाचवायला गेलात तर ती ठोके मारते आणि पिस्टन जातो.

पाण्याची धार दिसत नाही. पंप गेला का?

जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडना बाजूने धार सोडायची सोयच नसते. मोटरच्या खालच्या पायाच्या मागच्या भोकातून धुराबरोबर पाण्याचे तुषार येतात, तेवढंच. हेडला हात लावता येत असेल आणि तुषार येत असतील तर पंप जिवंत आहे. पण पुराचं पाणी म्हणजे गाळ आणि वाळू. पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरच्या रबरी पात्या त्यात लवकर झिजतात, आणि नुसत्या पडून राहिल्या तरी एका बाजूला वाकून ताठ होतात. पुरासाठी ठेवलेल्या मोटरीचा इम्पेलर न बघता पाण्यात उतरू नका. आणि पाण्याबाहेर "फक्त एक मिनिट" सुद्धा मोटर चालवू नका, कोरडा इम्पेलर तेवढ्यात जळतो.

रेस वाढते, पण नाव पुढे सरकत नाही.

पंखा बघा. जलपर्णी, मासेमारीचं जाळं, आणि पुरात बुडालेल्या फडावरून गेलात तर उसाची पात आणि ठिबकच्या नळ्या, सगळं पंख्याला गुंडाळलं जातं. काही नसेल तर पंख्याच्या आतलं रबर घसरतंय किंवा शिअर पिन तुटलीय. ही पिन तुटण्यासाठीच असते. तिच्या जागी खिळा किंवा पोलादी पिन घातली तर पुढच्या धक्क्याला गिअर तुटेल. त्याच मापाच्या आणि त्याच धातूच्या दोन पिना आणि पक्कड नावेत ठेवा, आणि वल्हीसुद्धा.

गिअरचं ऑइल दुधासारखं निघालं.

पाणी शिरलंय. पंख्यामागचं सील बघा, तिथे तंगूस गुंडाळलेला हमखास सापडतो. नवं ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

सुटे भाग बेळगावात मिळतील का?

ब्रँडचं नाव सांगून नाही मिळणार, माप सांगून मिळतील. ऑइल सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहून बेअरिंगच्या दुकानात जा. गॅसकेट शीट आणून पंचने घरी कापता येतं. बुशिंग, पुलरची पट्टी, स्टड हे उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक भागातला कुठलाही चांगला लेथवाला जुना नमुना बघून करून देतो. इम्पेलर आणि डायफ्राम मात्र मूळ मापाचेच घ्या, मॉडेल नंबरवरून मागवा आणि मार्चमध्येच मागवा. कंडेन्सर बदलताना त्याची क्षमता (कपॅसिटन्स) जुळली पाहिजे, बहुतेक जुन्या मॅग्नेटोत ती ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असते.

पुरात मोटर पूर्ण बुडाली. आता?

बाहेर काढल्यापासून काही तासांत हालचाल करावी लागते, कारण गंज पाण्यात कमी आणि हवेत जास्त चढतो. स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, प्लग काढा, भोकं खाली करून दोरी हळूहळू ओढत पाणी बाहेर काढा. आत वाळूची करकर लागली तर ओढणं थांबवा, मोटर उघडावीच लागेल. करकर नसेल तर सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, कार्बोरेटर आणि टाकी रिकामी करून धुवा, पॉइंट पुसून कोरडे करा आणि त्याच दिवशी पिंपात अर्धा तास चालवा. चालू असताना बुडाली असेल तर आधी फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. अडकत असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलाय, जबरदस्ती नको. लगेच दुरुस्ती शक्य नसेल तर मोटर अंगणात वाळत ठेवू नका, ती पुन्हा स्वच्छ गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.